चिंच प्यालेला बाजा

मी एकदा बाजाला चिंच पाजली. तीही थोडीथोडकी नाही. घागरभर पाण्यात कोळून, मीठ घालून, चांगली चार दिवस. पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा ठाऊक असतं. मी तेव्हा सोळा पूर्ण केलेली, चौथी पास, आणि नळदुर्गातली सगळ्यांत हुशार सून आपणच, अशी माझी पक्की खात्री. हुशार माणसाला सगळं ठाऊक असतं. वेळेला आठवत नाही, एवढंच.

हे आज उकरून काढायचं कारण आमची नात, सई. ती पुण्यात बेस गिटार वाजवते. आषाढ लागला की तिचे उघड्यावरचे कार्यक्रम बंद पडतात, म्हणून आठ दिवस इथं धाराशिवला माझ्याकडं आलीय. येताना गिटार आणलंय आणि त्याचा आवाज मोठा करणारा एक काळा खोकाही. खोका एवढा जड की रिक्षावाल्यानं विचारलं, आत पाटा-वरवंटा हाय का काय. दोन्ही विकायचंय म्हणे. बंगळूरला नोकरी लागलीय, तिथल्या खोलीत हे धूड मावायचं नाही. सकाळपासून फोनवर कुणीकुणी भाव पाडून मागतंय आणि ही ओठ चावत बसलीय. मघाशी मला म्हणाली, "आजी, एक ओलं फडकं दे ना. पुसून फोटो काढते. चकाचक दिसलं की गिऱ्हाईक पटतं."

हे वाक्य मी ओळखते. पासष्टाहून जास्त वर्षं झाली असतील, पण ते माझंच वाक्य आहे. मी फडकं आणायला उठले खरी, आणि माठापाशी जाऊन उभीच राहिले.

आमचा बाजा म्हणजे बँडमधला सगळ्यांत मोठा, पितळेचा, पोटाशी धरून फुंकायचा. वरती धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट तोंड, मध्ये नळ्यांची वेटोळी, आणि त्यावर बोटानं दाबायच्या तीन चाव्या. बँडवाले त्याला बेस म्हणत, गावातली पोरं भोंगा म्हणत आणि मी मनातल्या मनात सवत म्हणत असे. पोलीस ॲक्शन झालं, निजामाच्या पलटणी मोडल्या, तेव्हा त्यांच्या बँडची वाद्यं हैदराबादच्या जुन्या बाजारात कवडीमोलानं निघाली होती. त्यातला हा बाजा माझ्या सासऱ्यांनी उचलला आणि वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन, ट्रकमधून नळदुर्गाला आणला. पुढं दोन वर्षांत ते गेले. वाकळ, बाजा आणि बँडमधली जागा, तिन्ही आमच्या यांच्याकडं आलं. बँडचा रिवाजच तसा होता. ज्याचं वाद्य त्याची जागा. वाद्य विकलं की जागा गेली.

मला तेच हवं होतं. जागा जावी, बाजा जावा आणि आपण सोलापूरला जावं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहितेय त्याला हंगाम म्हणणंही चूक. बँडवाल्याच्या घरी चातुर्मास म्हणजे हंगाम नसण्याचे दिवस. आषाढी एकादशीला आमच्याकडची लग्नं थांबली. मोहरमही त्या वर्षी श्रावणातच आलेला, म्हणजे मेहबूबमास्तरांच्या बिरादरीतल्या शाद्याही बंद. मेहबूबमास्तर आमच्या बँडचे मालक. पलटणीत क्लॅरोनेट वाजवलेले, ताठ कण्याचे, दाढीला मेंदी लावणारे. ते त्या दिवसांत घड्याळं दुरुस्त करत. ढोलवाला शेळ्या राखायचा. आमचे हे सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे. आणि बाजा घरात झोपायचा. दोन खणांचं घर; त्यातला एक कोपरा चुलीचा, एक आत्यांचा, एक बाजाचा. उरलेल्यात मी. बाजाची वाकळ माझ्या वाकळेपेक्षा मऊ होती, हे मी हात लावून पाहिलेलं आहे.

आत्या म्हणजे माझी सासू. सासूला आमच्याकडं आत्या म्हणायचं, नातं असो नसो. बारीक अंगाची, तोंडात मशेरी, बोलणं मोजकं. बाजाच्या बाबतीत त्यांचा एकच हुकूम होता, "त्याला हात लावायचा न्हाय." दर शनिवारी त्या स्वतः वाकळ उलगडून, कोरड्या फडक्यानं त्याचं अंग पुसायच्या. चाव्यांना करडईच्या तेलाचं बोट लावायच्या. मला वाटायचं, म्हातारीचं खूळ. त्या तेव्हा चाळिशीच्याही नसतील. माझ्या लेखी म्हातारीच.

आमचं दार हमरस्त्यावर होतं, सोलापूर-हैदराबाद. याच्याइतकी दुष्ट जागा सोळा वर्षांच्या पोरीसाठी दुसरी नाही. उंबऱ्याच्या आत चूल, उंबऱ्याच्या बाहेर सगळा मुलूख पळतोय. पावसानं काळ्या झालेल्या सडकेवरून ट्रक जायचे, त्यांच्या चाकांचा चिखल आमच्या जोत्यापर्यंत उडायचा आणि मी तो चिखल सारवून टाकताना विचार करायची, हा चिखलसुद्धा सोलापूरहून आलाय. पंचमीला पोरी माहेरी जातात. माझं माहेर अणदूर, म्हटलं तर हाकेवर. आत्या म्हणाल्या, "पंचमी काय, दरसाल येती." किल्ल्यात नर-मादी धबधबा फुटला, सगळं गाव बघायला लोटलं. मी विचारलं, जाऊ का. आत्या म्हणाल्या, "पाणीच हाय. रांजणात बघ."

मी रांजणात बघितलं. माझंच तोंड दिसलं, नाकावर राखेचं बोट उमटलेलं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. ओल्या गोवऱ्यांचा धूर, भिंतीला आलेली बुरशी, न वाळणारी लुगडी, आणि त्या सगळ्यांतून पितळेचा एक थंड, नाण्यासारखा वास. दुपारी मी त्या बाजाच्या तोंडात डोकं घालून बघायची. आत अंधार आणि एक वळण. म्हणायची, वारा इथून आत शिरतो तो बिचारा एवढ्या वेटोळ्यांतून फिरत कधी बाहेर पडत असेल? आणि बाहेर पडून तरी काय, तर भों. गाणं क्लॅरोनेटचं, तोरा ट्रम्पेटचा, आणि आमच्या वाट्याला भों. एवढ्या भोंसाठी मी इथं सडतेय, असं मला वाटायचं. फार वाईट वाटायचं हो. आता हसू येतं, पण तेव्हा मी बाजाच्या तोंडात डोकं घालून रडलेलीसुद्धा आहे, आणि ते रडणं आतून मोठं होऊन बाहेर आलं तेव्हा घाबरून गप्प बसले.

सोलापूरची वाट मामानं दाखवली होती. मामा तिथं गिरणीत. त्यानं सांगावा धाडला, पोळ्यानंतर एक बदलीची जागा निघतेय, जावईबापूंना चिकटवतो. चाळीत खोलीही बघितलीय, पागडी तेवढी आणा. पागडी कुठून आणायची? आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला नवा बँड निघत होता आणि त्यांना बेस हवा होता. पोळा झाला की ते बाजा बघायला येणार होते. आमच्या यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे होच असायचं. माझ्या डोळ्यांपुढं नळ वाहायला लागला, विजेचा दिवा पेटला. एस.टी.तून सोलापुरात उतरताना कुठलं लुगडं नेसायचं, तेही ठरलं. हे खडीचं काम सोडून चार दिवस मामाकडं गेले, जागेची खात्री करायला.

आत्या कुठं राहतील, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. खोटं कशाला सांगू? मनातल्या त्या खोलीत मी चूल मांडली, पाळणासुद्धा टांगला, आरसा लावायला खिळा ठोकला. आत्यांना उभं राहायलाही जागा ठेवली नाही.

आणि हे सोलापूरला गेले त्याच दिवशी माझ्या हुशारीला पालवी फुटली. म्हटलं, बाजा काळवंडलाय, तो चमकला पाहिजे. चकाचक दिसला की गिऱ्हाईक पटतं. पितळ उजळायला काय लागतं? चिंच. पण चिंच आत्यांच्या ताब्यात. आमटीला त्या सुपारीएवढी चिंच द्यायच्या आणि कोळून झाल्यावर चोथा परत मागायच्या, दुसऱ्या आमटीसाठी. तरी धीर केला.

"आत्या, जरा चिंच पायजे होती."

"कशाला?"

"भांडी घासायला."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग उतरंड उतरवून तळच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून नारळाएवढा काळा गोळा काढला. "घे. जुनी हाय, चांगलं उजळंल." आणि मी न मागता मूठभर खडेमीठही माझ्या ओच्यात टाकलं. मी मनात म्हटलं, आज म्हातारीला देव पावला.

बाजा मी अंगभर चिंचेनं चोळला, राखेनं घासला. काय उजळला म्हणून सांगू, घरात जणू दुसरी चूल पेटली. इथं थांबले असते तर पार पडले असते. पण मी हुशार ना. म्हटलं, बाहेरून एवढी घाण निघाली, मग आत किती असेल. फुंकायच्या तोंडात चिंधी कोंबली, बाजा कोपऱ्यात गौरीसारखा उभा केला आणि वरच्या पसरट तोंडातून चिंचेचं पाणी ओतलं, काठोकाठ. त्यात उरलेलं मीठ टाकलं. आत्या दाराकडं तोंड करून तूर निवडत बसल्या होत्या. चार दिवस त्या तिकडंच तोंड करून बसल्या. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघितलं असतं तर ओरडल्या असत्या.

चौथ्या दिवशी हे आले. खूश होते. जागा पक्की. मी पदर सावरून बाजाकडं बोट केलं. त्यांनी चिंधी काढली. आतून पाणी आलं ते हिरवंगार. मी म्हटलं, "बघा, किती घाण होती." यांनी पहिल्या चावीवर बोट ठेवलं. चावी हलली नाही. दुसरी नाही. तिसरी नाही. यांनी अंगठा लावून जोर केला, मग हात खाली घेतला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आतनं कळकलाय."

मेहबूबमास्तर आले. बाजाच्या तोंडात नाक घालून त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बहू, बाजेकू कढी पिलाई क्या?" मग यांना म्हणाले, "शेकू नको, ठोकू नको. तेल सोड आणि सबर कर. सुटल्या तर सुटल्या."

तेल सोडलं. सबर केलं. पोळा आला. वाशीचे दोघे आले, एक फेटेवाला, एक टोपीवाला. बाजाची चमक बघून फेटेवाल्याचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाटलं, निभावलं. त्यानं बाजा प्रेमानं उचलून आडवा केला. आत काहीतरी खडखडलं, घरंगळलं, आणि त्याच्या तळहातावर एक चिंचोका येऊन पडला. त्यानं चिंचोक्याकडं बघितलं, मग चावी दाबून बघितली, मग यांच्याकडं बघितलं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "ह्यात आमटी शिजवता काय?"

त्यांनी चहा घेतला आणि गेले. बेस त्यांना नंतर दुसरीकडं मिळाला. पागडी आली नाही, खोली गेली, आणि खोली नाही म्हटल्यावर मामानं ती जागा दुसऱ्याला दिली. मी चुलीपुढं बसून हमसून हमसून रडले. आत्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "रडू नको. सोलापूर कुठं पळून चाललंय?" मला ते दुष्टपणाचं वाटलं. सोलापूर पळून चाललं नव्हतं, हे खरंच होतं. पळता येत नव्हतं ते मला. आणि या वेळी दाराला कडी मीच आतून घातली होती.

तुळशीचं लग्न लागलं. बँडला सुपाऱ्या सुरू झाल्या. तिन्ही चाव्या वरच्या वर अडकलेल्या. अशा बाजातून नुसत्या ओठांच्या जोरावर निघतात ते मोजके सूर. आमच्या यांना त्यातले दोनच धड साधायचे. खालचा सा आणि वरचा प. मास्तर म्हणाले, "दोन सुरांवर ओढ. लोक नवरदेव बघायला येतात, तुझी बोटं नाही." तो सबंध हंगाम यांनी दोन सुरांवर काढला. बोटं मात्र चाव्यांवर हलल्यासारखी करायचे, लोकांना दिसावं म्हणून. मला ते बघवायचं नाही.

मार्गशीर्षात अणदूरला, माझ्याच माहेरी, एका लग्नाची सुपारी आली. आत्यांनी मला जाऊ दिलं. मी बायकांच्या घोळक्यात उभी, जीव मुठीत. माझ्या गावासमोर माझी अक्कल वाजणार होती. एक मैत्रीण म्हणाली, "ते भों भों करतंय ते तुजे मालक व्हय गं?" मी म्हटलं, "व्हय." तेवढ्यात यांना ठसका लागला. बाजा थांबला. क्लॅरोनेट चालू होतं, ताशा, ढोल, सगळं चालू होतं. पण वरातीपुढं नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. एकानं मागं वळून बघितलं, दुसऱ्यानं खाली बघितलं, जसं काही पायाखालचं जोतं कुणी काढून घेतलं. काय गेलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग यांनी खोकला गिळला, बाजा उचलला, सा लावला, आणि सगळं वऱ्हाड पुन्हा जमिनीवर आलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला भों ऐकू आला. ऐकू आला म्हणजे छातीच्या फळीवर बसला. मला एकदम यांची दया आली आणि माझी लाज वाटली, आणि तरीही सांगते, घरी येताना गाडीतून मी सोलापूरच्या बाजूलाच बघत होते. माणूस एका ठसक्यानं सुधारत नाही.

सोलापूरला मी पुढं गेले. एकदा दवाखान्यात, दोनदा लग्नाला. बाजा यांनी पुढं सोलापुरातूनच नीट करून आणला. दोन चाव्या सुटल्या, तिसरी शेवटपर्यंत सुटली नाही. यांनी तो तसाच वीसेक वर्षं फुंकला. मी दर शनिवारी पुसायची, कोरड्या फडक्यानं. चाव्यांना करडईचं तेल. सुना-नातसुनांना म्हणायची, त्याला हात लावायचा नाही. त्या म्हणत असतील, म्हातारीचं खूळ.

माठापाशी मी उभी होते. बाहेर सई खोक्याशी गुडघे टेकून बसलेली. ओलं फडकं मागितलंय तर ओलं देणं काही पाप नाही. चांगलं निथळतं दिलं, खोक्याच्या पाठीच्या भोकांतून थोडं पाणी गेलं, तर मला काय कळतं त्यातलं, मी जुनी बाई. खोका खपला नाही की पोरगी बंगळूरला जाणार नाही. गिटार जाणार नाही. दिवाळीला येईल, संक्रांतीला येईल. फडकं माझ्या हातात होतं आणि हात माठाच्या तोंडावर. खरंच सांगते, बराच वेळ होता.

मग कोरडंच नेऊन दिलं. म्हटलं, "असल्या वस्तूला पाणी लावू नये. आणि विकायच्या आधी एकदा वाजव."

"तुला कळंल का त्यातलं?"

"सा आणि प कळतो."

तिनं तार छेडली. आवाज कानात आला नाही. फरशीतून टाचांत आला, टाचांतून गुडघ्यांत. ती वाजवत राहिली, ओठ चावायची थांबली. विकते की ठेवते, ते तिचं तिनं बघावं. मी पाय पसरून बसले.

पलीकडं स्वयंपाकघरात फळीवर चिंचेची बरणी आहे. ती दिसली की मला आत्यांचं शेवटचं दुखणं आठवतं. त्या चिंचेच्या गोष्टीला तेव्हा सात-आठ वर्षं होऊन गेली होती. असाच श्रावण, असाच ओल्या गोवऱ्यांचा धूर. आत्यांना उठवत नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावत होते, आणि मन रमावं म्हणून माझीच फजिती त्यांना पुन्हा सांगत होते. हिरवं पाणी, फेटेवाला, चिंचोका. दरवेळी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या,

"किती दिवस एकटीच्या अंगावर घेतीस गं? चिंच तू मागितलीस. मीठ म्या दिलं हुतं."